थंडी अंगावर काढणारी माणसं

कुलपात किल्ली फिरवली आणि आतून बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला. बाबांच्या खोलीत गेले तेव्हा हीटर चालू होता, पण त्याच्या दोन्ही नळ्या अजून काळपटच होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या तांबूस व्हायला लागल्या आणि साचलेली धूळ जळल्याचा तो ओळखीचा वास खोलीभर पसरला. बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, गुडघ्यांवर शाल. "बराच वेळ लावलाय मी," मी न विचारताच ते म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटं गारठलेली, नखं निळसर. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिले. म्हणजे रोज मी बाहेर पडले की हीटर बंद होत होता आणि माझी चाहूल लागली की चालू होत होता. मधला सगळा दिवस ते त्या थंड खोलीत एकटे बसून काढत होते.

त्यांच्याकडे एक वही आहे. रोज सकाळी मीटरचं रीडिंग त्यात लिहायचं, आदल्या दिवशीचं वजा करायचं, आणि आकडा वाढला असेल तर त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. नोकरीत असतानाही ते असंच करायचे. आता फक्त रेघ जरा थरथरते. त्या रात्री मी ती वही चाळली. थंडी सुरू झाल्यावर आकडे थोडे वर गेले होते आणि मग एकाएकी खाली आले होते. त्या उताराचं कारण आता मला कळलं होतं. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. ज्या माणसाने आयुष्यभर काटकसर करून आम्हाला वाढवलं, त्याला काटकसर करू नका असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण हे असं चालू द्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठरवलं.

लहानपणी आमच्या घरात रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की बाबांची हाक यायची. आम्ही धावत जाऊन बंद करायचो. तेव्हा ते बरोबरच होतं. साठ आणि शंभर वॅटचे पिवळे बल्ब होते, घरातली बरीचशी वीज त्यांच्यावरच जायची. आज त्याच जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासभर चालला की दोन युनिटं होतात, आणि तेवढ्याच विजेत तो दिवा नऊ दिवसांहून जास्त काळ अखंड जळेल. तरीही आपला हात पहिल्यांदा दिव्याच्या बटणाकडेच जातो, कारण दिवा दिसतो. खिडकीच्या फटीतून निसटणारी ऊब दिसत नाही. भिंतीत मुरणारी उष्णता दिसत नाही. गीझरच्या टाकीत कुणी न वापरता रात्रभर निवत जाणारं पाणीही दिसत नाही. मग दिसणारं सगळं बंद करून झालं आणि तरी बिल कमी झालं नाही, की माणूस उरलेली बचत स्वतःच्या शरीरातून वसूल करायला लागतो. म्हातारी माणसं तर सगळ्यात आधी. त्यांना वाटतं, आपण एकटेच तर आहोत, एका माणसासाठी कशाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना मीटरपाशी घेऊन गेले. हातात बॅटरी, अंगावर शाल. आमचं मीटर नवीन पद्धतीचं आहे, त्यावर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलंय की ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. बाबांना जुनी मीटरं आठवतात, ॲल्युमिनियमची चकती गोल फिरायची आणि तिच्यावरची काळी खूण परत समोर येईपर्यंत ते मनात आकडे मोजायचे. त्या चकतीच्या मीटरचं मूळ हंगेरीच्या ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये घेतलेल्या पेटंटात आहे. पुढची शंभरएक वर्षं जगभरच्या घरांतली वीज तिनेच मोजली. आम्ही घरातलं सगळं बंद केलं, अगदी फ्रिजसुद्धा, आणि एकच एलईडी दिवा चालू ठेवला. वाट बघत उभे राहिलो. किती वेळ काहीच होईना. बाबांना वाटलं मीटर बिघडलं. मग दोनेक मिनिटांनी एकदा तांबडा ठिपका चमकला. नंतर मी हीटर लावला. ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा उड्या मारायला लागला. बाबा बॅटरी धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. "म्हणून तर बंद करतो," ते हळूच म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं होतं. मला मात्र पहिल्यांदाच त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, म्हणजे आकड्यांत, बोलायची वाट सापडली होती.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, आता तुम्हीच मला हिशेब करून द्या." त्यांची खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. म्हणजे छत्तीस घनमीटर हवा. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १.२ किलोज्यूल लागतात. सगळी हवा दहा अंशांनी तापवायची तर सव्वाचारशे किलोज्यूलच्या आसपास. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. त्यांनी दोनदा भागाकार केला, कारण उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. ०.१२ युनिट. खोलीतली सगळी हवा दहा अंशांनी तापवायला युनिटाचा आठवा हिस्सासुद्धा लागत नाही! दोन हजार वॅटच्या हीटरला हे चार मिनिटांचं काम. मग तो तासन्‌तास कशाला जळतो? हवा तापवायला लागते त्यापेक्षा किती तरी जास्त उष्णता थंड भिंती, फरशी आणि छत पिऊन टाकतात, आणि जी उरते ती फटींतून आणि काचेतून बाहेर जाते. एकेरी काचेच्या दोन चौरस मीटरच्या खिडकीतून, आत-बाहेर पंधरा अंशांचा फरक असेल तर, दीडशे ते पावणेदोनशे वॅट उष्णता सतत बाहेर जात राहते. दुहेरी काच बसवली की हे प्रमाण निम्म्यावर येतं, कारण दोन काचांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. दुहेरी काच खर्चाची गोष्ट आहे. जाड, जमिनीपर्यंत पोचणारा पडदा मात्र सूर्य मावळताच ओढून घेतला तर खोलीच्या बाजूने तरी तेच काम थोडंफार करतो.

फटी शोधायचं काम मी रविवारी केलं. तळहाताची मागची बाजू ओली करायची आणि खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या बिजागरीपासून, विजेच्या बोर्डाच्या कडेने सावकाश फिरवायची. ओल्या कातडीला वाऱ्याची झुळूक लगेच कळते. बाबांच्या खोलीतल्या सरकत्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी जायला भोक ठेवलेलं असतं तिथे, माझा हात एकदम गारठला. मला अंदाज होता त्याच्या कितीतरी पट वारा. दाराखालच्या फटीत बोट सहज शिरत होतं. खिडकीच्या पट्ट्यांना चिकटणारी फोमची पट्टी लावली, दाराखाली जुन्या चादरीची घट्ट वळकटी. पाणी जायची भोकं मात्र बुजवली नाहीत, नाहीतर पावसात खिडकी तुंबेल. त्यांच्यापुढे रात्रीपुरता स्पंजचा तुकडा ठेवतो. एवढं करून झाल्यावर संध्याकाळी पडदा हलायचा थांबला. तो आधी हलत होता हेच इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग खुर्ची. याला एक पैसाही लागला नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. बाबांची खुर्ची उजेडासाठी बाहेरच्या भिंतीला, खिडकीला लागून होती. आपलं शरीर आजूबाजूच्या हवेला जशी उष्णता देतं तशीच समोरच्या पृष्ठभागांनाही देत असतं, आणि पृष्ठभाग जितका थंड तितकी ती जास्त ओढली जाते. त्यामुळे खोलीतला थर्मामीटर वीस अंश दाखवत असला तरी थंडगार काचेशेजारी बसलेल्या माणसाच्या त्या बाजूच्या खांद्यात कळ येते. आम्ही खुर्ची आतल्या, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीशी नेली. पलंगही बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवला. वाचायला नऊ वॅटचा दिवा लावला. भर दिवसा दिवा लावायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं, पण मीटरवरचा तो दोन मिनिटांनी चमकणारा ठिपका आठवून त्यांनी मान डोलावली.

कपड्यांच्या बाबतीत ते मुळातच बरोबर होते, आणि हे मी त्यांना आवर्जून सांगितलं. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजायला क्लो नावाचं एकक ठरवलं. एकवीस अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेसे वाटतील इतके कपडे म्हणजे एक क्लो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर बरे, कारण ऊब मुख्यतः लोकरीच्या तंतूंत आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. स्वस्थ बसलेला माणूस स्वतःच शंभर वॅटच्या आसपास उष्णता देत असतो, कपडे ती फक्त धरून ठेवतात. तरीही त्यांची बोटं निळी पडली होती. शरीर आतले अवयव ऊबदार ठेवायला हातापायांचं रक्त आधी कमी करतं, अंगात कितीही स्वेटर असले तरी. म्हणून हातमोजे, लोकरी पायमोजे, पायाखाली चटई आणि तिच्यावर जाड सतरंजी.

हीटरच्या दुकानात गेलं की प्रत्येक जण आपला हीटर कमी विजेत जास्त ऊब देतो असं सांगतो. याबाबत मात्र मला ठामपणे लिहायचंय, कारण लोक कष्टाचे पैसे यात घालवतात. जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्येच दाखवून दिलं की तारेतून जाणाऱ्या विजेमुळे किती उष्णता निर्माण होते हे तारेचा रोध आणि विद्युतप्रवाहाचा वर्ग यांवर ठरतं. हीटर पंख्याचा असो, तेलाचा असो, लाल नळ्यांचा असो की महागड्या चिनीमातीच्या पट्ट्यांचा, एक युनिट वीज घेतली की तो एक युनिटच उष्णता देणार, कमी नाही आणि जास्तही नाही. फरक आहे तो उष्णता कुठे जाते याचा. पंखेवाला हवा तापवतो, आणि हवा फटींतून पळते. तेलाचा सावकाश तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो, म्हणून झोपायच्या खोलीत बरा. नळ्यांचा समोरच्या माणसाला थेट शेकतो, हवा फारशी न तापवता. एकटा माणूस एका खुर्चीत बसणार असेल तर आठशे वॅटची एकच नळी, योग्य अंतरावर आणि पडद्यापासून दूर, त्याला पुरते. आमच्या हीटरला दोन नळ्यांची दोन बटणं होती. बाबा एकतर दोन्ही लावायचे किंवा दोन्ही बंद ठेवायचे. आणि हो, थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवल्याने खोली लवकर तापत नाही. ती त्याच वेगाने तापते, फक्त नको तितकी तापेपर्यंत थांबत नाही.

विजेच्या एका युनिटातून एका युनिटाहून जास्त ऊब मिळवायचा एक मार्ग आहे, तो म्हणजे हीट पंप. बाहेरच्या थंड हवेतही उष्णता असते, ती गोळा करून आत आणायची. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच इमारती अशा रीतीने तापवता येतील असं मांडलं होतं, आणि काही वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठागरातलं खारं पाणी आटवायला तशी यंत्रणा उभारली. आज जो एसी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देतो, तो हेच करतो. बऱ्यापैकी हवामानात तो एका युनिटात तीन युनिटं उष्णता आत आणतो. बाहेर कडाका वाढला की हे प्रमाण घसरतं, तरी साध्या हीटरच्या खाली सहसा जात नाही. ज्यांच्या घरी असा एसी आधीच भिंतीवर आहे आणि तरी जे शेजारी हीटर जाळतात, त्यांनी रिमोटवरचं सूर्याचं चिन्ह एकदा दाबून बघावं.

रात्रीचा प्रश्न विजेच्या गादीने सुटला. तिला साठ ते शंभर वॅट लागतात. झोपायच्या आधी अर्धा तास लावायची, अंथरूण ऊबदार झालं की बंद करून मग अंग टाकायचं. युनिटाच्या विसाव्या हिश्शात काम होतं. म्हातारपणी कातडीची संवेदना कमी होते, चटका बसलेला कळत नाही, म्हणून ती रात्रभर चालू ठेवू नये आणि घडी घालूनही ठेवू नये, आतली तार मोडते. बाबांनी पहिल्या रात्री पांघरुणात पाय घातले आणि काहीच बोलले नाहीत. सकाळी मात्र वहीत आकडा लिहिताना "रात्री झोप बरी लागली" असं शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं मला दिसलं. त्या वहीत आकड्यांशिवाय काही लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पाण्याचा हिशेब त्यांनीच मला करून दिला. लिटर गुणिले जितके अंश तापवायचं तितके, भागिले ८६०, की युनिटं. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ऐंशी लिटर, म्हणजे पंचवीस अंशांनी तापवलं तरी सव्वादोन युनिटांच्या वर. हीटरच्या नावाने आपण खडे फोडतो आणि बाथरूममधून त्याच्याएवढीच वीज रोज वाहून जाते. गीझर आम्ही आंघोळीच्या आधी लावतो आणि लगेच बंद करतो. टाकी दिवसभर चालूच ठेवायची असेल तर मात्र बचतीसाठी पाणी कोमट ठेवू नये. लिजिओनेलासारखे जीवाणू कोमट पाण्यात वाढतात, म्हणून साठवणीचं पाणी साठ अंशांच्या आसपास असावं लागतं.

हे सगळं चाललं असताना बाबांनी एकदा मला विचारलं, "पण मला थंडी वाजतच नाही, मग एवढं कशाला?" हाच तर खरा धोका आहे. वय वाढतं तशी थंडीची जाणीव बोथट होते, अंग पूर्वीसारखं थरथरत नाही, आणि शरीर गार पडत असताना मन सांगत राहतं की सगळं ठीक आहे. थंडीत रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके हिवाळ्यात जास्त येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरातलं तापमान किमान अठरा अंश असावं असं म्हटलंय, आणि वृद्धांसाठी, लहान मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी ते याहून वर लागू शकतं. मी त्यांच्या टेबलावर एक थर्मामीटर ठेवला. म्हटलं, तुमच्या अंगावर नाही, या काट्यावर विश्वास ठेवा. आकड्याशी त्यांनी कधी खोटेपणा केलेला नाही. अठराच्या खाली काटा गेला की एक नळी लावायची, वीसच्या वर गेला की बंद. ते आता ही वेळसुद्धा वहीत लिहितात.

फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल ऊबेसाठी पेटवू नये, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगेन. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस जातो. आणि विजेवरच तापवत असलो तरी सकाळी पाच-सात मिनिटं खिडक्या सताड उघडाव्यात. काचेवरचा घाम आणि कोपऱ्यातली काळी बुरशी त्याने आटोक्यात राहते. हवा बदलली तरी भिंती तापलेल्याच असतात, आणि हवेची किंमत किती ते बाबांनीच काढलंय, ०.१२ युनिट.

महिन्याचं बिल आलं तेव्हा ते आधीच्या हिवाळ्यापेक्षा किंचित जास्त होतं, कारण आता हीटर खरोखर चालत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा लावला, युनिटं वहीशी ताडून पाहिली, आणि बिल घडी करून ठेवून दिलं. रेघ मारली नाही.

आता राहिलंय ते बाथरूम. दिवसभरात सगळ्यात जास्त थंडी तिथेच लागते, अंग उघडं आणि ओलं असताना. मी म्हटलं, भिंतीवर उंच, पाण्यापासून दूर, दोरीने चालू होणारा बाराशे वॅटचा हीटर बसवू. वीस मिनिटं म्हणजे ०.४ युनिट. त्यांचं म्हणणं, आंघोळ दुपारी करेन, तेव्हा खिडकीतून ऊन येतं, शून्य युनिट. हे मला पटलं. ऊन नसेल त्या दिवसापुरता हीटर लावायचा हे त्यांना पटलं. मात्र तिथला थर्मामीटर कुठे टांगायचा यावर अजून एकमत नाही. त्यांना तो गीझरच्या शेजारी हवाय. मला खिडकीकडच्या भिंतीवर हवाय, कारण अंग पुसायला ते तिथेच उभे राहतात.